औंढ्याची लायगो विश्वाचा जन्म ‘ऐकणार’ का? (प्रसरण, अंतरं आणि थोडी परभणी)

कयाधूकाठचा

राम राम मंडळी.

औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडियाचं (गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेचं) नाव निघाल्यापासून आमच्या हिंगोली जिल्ह्यात एक वाक्य कार्यक्रमागणिक ऐकू येतंय : ‘इथं विश्वाचा जन्म कळणार.’ सत्कार असो की स्नेहसंमेलन, वाक्य ठरलेलं. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला खगोलशास्त्राची तोंडओळख शिकवतो. पोरं विचारतात, सर, खरंच का? उत्तर ‘नाही’ असं आहे, पण त्या ‘नाही’च्या पोटात एक छोटा ‘हो’ दडलाय. तोच सांगायला हा धागा.

दीर्घिका (म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा प्रचंड समूह) किती वेगाने दूर जातेय हे काढणं तुलनेने सोपं. तिच्या प्रकाशाचा वर्णपट घ्यायचा, हायड्रोजन, कॅल्शियमच्या ओळखीच्या रेषा तांबड्या टोकाकडे किती सरकल्यात ते मोजायचं. व्हेस्टो स्लायफर हे काम अ‍ॅरिझोनातल्या लॉवेल वेधशाळेत १९१२ पासून करत होता. बहुतेक सर्पिल ‘तेजोमेघ’ आपल्यापासून लांब चाललेत हे त्याला दिसलं होतं. पण ते किती लांब आहेत हे त्याला माहीत नव्हतं. त्यामुळे पाठ्यपुस्तकात त्याच्या वाट्याला फार तर अर्धी ओळ येते. मला हा अन्याय वाटतो.

खरी अडचण अंतराची. आकाशात मंद दिसणारी वस्तू मुळात मंद आहे की लांब आहे, हे नुसतं बघून कळत नाही. वाट दाखवली हेन्रिएटा लेविटने. हार्वर्डच्या वेधशाळेत फोटोच्या काचा तपासता तपासता तिने १९१२ साली दाखवून दिलं, की सेफीड जातीच्या रूपविकारी ताऱ्यांचा तेज कमीजास्त होण्याचा काळ जितका मोठा, तितका तो तारा मुळात तेजस्वी. काळ मोजला की खरं तेज कळलं. खरं तेज आणि दिसणारं तेज ताडून पाहिलं की अंतर आलं. एडविन हबलने १९२३ मध्ये देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिकेत असा तारा शोधला आणि ती आपल्या आकाशगंगेच्या पार बाहेर आहे हे सिद्ध झालं. १९२९ मध्ये त्याने अंतरं आणि वेग एका आलेखावर मांडले : जितकी दीर्घिका लांब, तितका तिचा वेग जास्त. त्याआधी फ्रीडमनने १९२२ मध्ये आणि लमेत्रने १९२७ मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणांतून प्रसरण पावणारं विश्व कागदावर काढून ठेवलं होतं.

आता गंमत बघा. हबलचा प्रसरणाच्या दराचा आकडा होता दर मेगापार्सेकला सेकंदाला ५०० किलोमीटर. (मेगापार्सेक म्हणजे ३२ लाख ६० हजार प्रकाशवर्षं.) तो उलटा केला तर विश्वाचं वय जेमतेम २०० कोटी वर्षं येतं. पृथ्वी ४५४ कोटी वर्षांची! घोटाळा अंतरांचा होता. सेफीड दोन प्रकारचे असतात हे वॉल्टर बाडेने १९५२ मध्ये दाखवलं आणि एका झटक्यात अंतरं दुप्पट झाली. पुढे आणखी दुरुस्त्या झाल्या. आज आकडा सत्तरीच्या आसपास आहे.

आसपास म्हणतो, कारण तो एक नाही. प्लँक उपग्रहाने आदिम प्रारणाच्या (विश्वाच्या बालपणापासून उरलेल्या किरणांच्या) नकाशावरून काढला तो ६७.४. सेफीड आणि अतिनवताऱ्यांवरून (स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांवरून), म्हणजे अंतराची शिडी पायरीपायरीने चढत काढला तो ७३. दोन्ही गटांनी आपापल्या चुका खणून काढल्या, तरी फरक जात नाही.

इथे औंढा येतं. दोन न्यूट्रॉन तारे (मेलेल्या मोठ्या ताऱ्यांचे अतिदाट गोळे) एकमेकांभोवती फिरत धडकतात तेव्हा गुरुत्वीय लहरींची, म्हणजे अवकाशातच उठणाऱ्या तरंगांची, वारंवारता चढत जाते. ती कशी चढते त्यावरून मूळ लहर किती जोरकस होती हे समीकरणच सांगतं. आपल्यापर्यंत किती क्षीण पोचली ते यंत्र सांगतं. अंतर थेट हातात, मधे शिडी नाही. १७ ऑगस्ट २०१७ ला हे पहिल्यांदा जमलं. अमेरिकेतल्या दोन लायगो आणि इटलीतली तशीच वेधशाळा व्हर्गो मिळून आकाशाचा २८ चौरस अंशांचा तुकडा ठरवता आला. चिलीतल्या दुर्बिणीने अकरा तासांच्या आत त्यातली दीर्घिका शोधली, एनजीसी ४९९३, तेरा कोटी प्रकाशवर्षांवर. तिचा वेग वर्णपटावरून, अंतर लहरीवरून. आकडा आला ७०, पण १२ ने जास्त किंवा ८ ने कमी असू शकेल असा. म्हणजे ६७ पण खरं आणि ७३ पण खरं! एका घटनेवर भागत नाही, अशा डझनावारी लागतील. आणि दरवेळी ती दीर्घिका सापडायला हवी. त्यासाठी दिशा नेमकी हवी, आणि दिशेसाठी एकमेकांपासून लांब लांब यंत्रं हवीत. अमेरिका, इटली, जपान झाले. त्या सगळ्यांपासून लांबचा एक कोपरा म्हणजे आपलं औंढा.

तेव्हा ‘विश्वाचा जन्म ऐकणार’ हे खोटं. ‘विश्व किती वेगाने पसरतंय या भांडणात पंच म्हणून बसणार’ हे खरं. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले, २०३० च्या सुमारास सुरू करायचं उद्दिष्ट आहे. शंका विचारा, भर घाला.

सोयाबीनवाला

सर, लई भारी. एकच शंका. समदं पसरायलंय म्हणता, तर माझं सहा एकर रान बी पसरंल का? सातबाऱ्यावर कधी चढंल?

कयाधूकाठचा

भाऊ, तलाठ्याकडं जायची घाई करू नका. जे गुरुत्वाने किंवा अणूंच्या बंधाने एकत्र बांधलेलं आहे ते पसरत नाही. रान नाही, पृथ्वी नाही, सूर्यमाला नाही, आपली आकाशगंगाही नाही. एवढंच कशाला, देवयानी दीर्घिका तर उलट आपल्याकडेच येतेय, सेकंदाला ११० किलोमीटरच्या आसपास. प्रसरण दिसतं ते दीर्घिकांच्या मोठमोठ्या समूहांमधल्या अंतरांत.

सोयाबीनवाला

म्हंजी बांधावरनं भांडण चालूच ऱ्हाणार. ठीकंय.

गोदातीर

छान धागा. दोन प्रश्न मला शाळेपासून छळतात आणि कुणी धड उत्तर देत नाही. विश्व पसरतंय ते कशात? आणि सगळ्या दीर्घिका आपल्यापासून दूर जातात तर आपण मध्यभागी आहोत का?

खडूफळा

ताई, फुगा आणि मनुक्यांचा केक बाजूला ठेवू. आपली मनमाड–सिकंदराबाद लाइन घ्या. परभणीच्या फलाटावर उभ्या राहा. नांदेड एका अंगाला साधारण ६० किलोमीटर, जालना दुसऱ्या अंगाला ११५. आता समजा, तासाभरात या लाइनवरचं प्रत्येक अंतर दुप्पट झालं. स्टेशन आपल्या जागी, मधला रूळ तेवढा ताणला गेला. परभणीवाल्याला नांदेड तासाला ६० च्या वेगाने गेलेलं दिसेल, जालना ११५ च्या. लांबचं जास्त वेगात : हाच हबलचा नियम. तेच जालन्यात उभं राहून बघा. परभणी ११५ ने लांब गेली, नांदेड १७५ ने. जालनेकरही म्हणणार, मीच मधोमध. कुणीच चुकीचं नाही आणि मधोमध कुणीच नाही.

इथपर्यंत उदाहरण चालतं, पुढे ते सोडायचं. लाइनीला मनमाडचं टोक आहे आणि दोन्ही बाजूंना रान आहे. विश्वाला टोक सापडलेलं नाही आणि बाजूच्या रानाची गरजही नाही. सापेक्षतावादाच्या समीकरणात दोन बिंदूंमधलं अंतर काळानुसार वाढतं, एवढंच लिहिलेलं असतं. ‘कशात’ या प्रश्नासाठी त्यात जागाच नाही. हे पचायला जड जातं, मान्य. पण समीकरणाला आपल्या पचनाशी देणंघेणं नाही.

यातूनच दुसरा गैरसमज सुटतो. महास्फोट (बिग बँग) म्हणजे कुठेतरी एका ठिकाणी बॉम्ब फुटला आणि तुकडे मोकळ्या जागेत उडाले, असं नाही. तो सगळीकडे झाला. औंढ्यात, जालन्यात, देवयानीत. आज जी जागा आहे ती सगळीच तेव्हा अतिशय दाट आणि तापलेली होती.

कापूसकोंड्या

म्हणजे परभणीकराने ‘विश्वाचं केंद्र परभणी’ म्हटलं तर ते खोडून काढता येत नाही. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ आम्ही उगाच म्हणत नव्हतो.

जालनेकर_७१

जालन्यातून निरीक्षण नोंदवतो : केंद्र इथं आहे. जालना सोने का पालना.

अण्णा_उदगीरकर

चांगली चर्चा. पण हे सगळं आपल्या ऋग्वेदात आधीच सांगून ठेवलंय, नासदीय सूक्त वाचावं. दुसरं, ज्या डॉ. जयंत नारळीकरांना आपण एवढं मानतो ते स्वतः महास्फोट मानत नव्हते. मग तो सिद्ध झालाय असं पोरांना कसं शिकवता?

गोदातीर

अण्णा, नासदीय सूक्त मला पाठ आहे. तेव्हा सत् नव्हतं, असत् नव्हतं, इथून सुरुवात. आणि शेवट असा की ही सृष्टी कुठून झाली ते परम व्योमातल्या अध्यक्षालाच ठाऊक, किंवा कदाचित त्यालाही नाही. इतका प्रामाणिक प्रश्न फार कमी ठिकाणी सापडेल. त्याला उत्तर म्हणून ओढलं की त्याचीच पत कमी होते. आणि ६७ की ७३ ते त्यात नाही.

कापूसकोंड्या

+१

खडूफळा

अण्णा, दुसरा प्रश्न रास्त आहे, त्यावर सविस्तर लिहितो.

बाँडी, गोल्ड आणि हॉइल यांनी १९४८ मध्ये स्थिर स्थिती सिद्धान्त मांडला. नारळीकर केंब्रिजला हॉइल यांचे विद्यार्थी, पुढे दोघांनी मिळून त्यावर आणि गुरुत्वाकर्षणावर काम केलं. लक्षात घ्या, प्रसरण त्यांनाही मान्य होतं. वाद होता सुरुवातीचा. विश्व पसरतं आणि रिकाम्या होणाऱ्या जागेत नवं द्रव्य हळूहळू निर्माण होत राहतं, त्यामुळे ते कायम सारखंच दिसतं, असं ते म्हणत. हा सिद्धान्त चांगला अशासाठी होता की तो खोटा ठरवता येत होता. विश्व कायम सारखं असेल तर लांबचं, म्हणजे जुनं विश्व आजच्यासारखंच दिसायला हवं. मार्टिन राइलने रेडिओ स्रोतांची गणती केली तर क्षीण, लांबचे स्रोत अपेक्षेपेक्षा जास्त निघाले. भूतकाळ वेगळा होता.

मग मोठा धक्का. १९६४ मध्ये न्यू जर्सीत पेन्झियास आणि विल्सन यांच्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनात एक खरखर येत होती. दिशा बदला, ऋतू बदला, ती तेवढीच. आत कबुतरांनी घर केलं होतं, त्यांची विष्ठा खरवडून काढली तरी खरखर तीच. ती खरखर म्हणजे विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचं असतानाचं प्रारण होतं. तेव्हा तापमान ३,००० केल्विनच्या आसपास उतरलं, इलेक्ट्रॉन आणि केंद्रकं जुळून अणू बनले आणि प्रकाशाला पहिल्यांदा वाट मोकळी झाली. तेव्हापासून विश्व सुमारे ११०० पट ताणलं गेलं, म्हणून ते प्रारण आज २.७२५ केल्विनवर आहे. १९८९ मध्ये सोडलेल्या कोबे उपग्रहाने त्याचा वर्णपट मोजला, तो सिद्धान्ताच्या वक्ररेषेवर जवळपास तंतोतंत बसला. १९९२ मध्ये त्यातले लाखात एक इतके बारीक चढउतार दिसले, ज्यांतून पुढे दीर्घिका घडल्या.

नारळीकरांनी हॉइल आणि बर्बिज यांच्यासोबत १९९३ मध्ये सुधारित रूप मांडलं, अर्धस्थिर स्थितीचं. बहुतेकांना ते पटलं नाही. पण ‘मला पटत नाही, आणि का पटत नाही ते हे गणित’ असं म्हणणारा माणूस शास्त्राला लागतो. २० मे २०२५ ला सर गेले. त्यांनी पुण्यात १९८८ मध्ये उभी केलेली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आज लायगो-इंडियाची भागीदार आहे. तिथल्याच संजीव धुरंधरांनी गुरुत्वीय लहरींचा संकेत गोंगाटातून वेगळा काढायच्या गणितावर फार आधीपासून काम केलं.

राहिला ‘सिद्ध’ हा शब्द. विश्व पूर्वी दाट आणि तापलेलं होतं हे पुराव्यांनी पक्कं आहे. शून्य क्षणी काय झालं हे नाही. मी वर्गात दोन्ही सांगतो.

अण्णा_उदगीरकर

उत्तर आवडलं. सूक्ताबद्दल मात्र माझं मत तेच.

औसेकर

जुन्या टीव्हीची अँटेना हलली की पडद्यावर मुंग्या यायच्या, त्यातही हे प्रारण असायचं म्हणतात. खरं का?

खडूफळा

असायचं, शंभरातला एखादा टक्का. बाकी सगळं पृथ्वीवरचं आणि टीव्हीच्या पोटातलं.

औसेकर

धन्यवाद. आता खरा प्रश्न. आम्ही १९९३ चा भूकंप पाहिलेली माणसं. हिंगोली, वसमतकडं जमिनीतून आवाज येतात, २०२४ च्या मार्चमध्ये आणि जुलैमध्ये ४.५ चे धक्के बसले. इतकं नाजूक यंत्र तिथंच कामून? आणि त्या यंत्राने जमिनीला काही होणार नाही ना, असं गावातले लोक विचारतात.

कयाधूकाठचा

दुसऱ्याचं उत्तर आधी : यंत्र जमिनीला काहीच करत नाही. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या काटकोनात, आत निर्वात पोकळी, त्यात लेझरचा प्रकाश जाऊन आरशावरून परत येतो. खोदून काही सोडायचं नाही, स्फोट नाही, किरणोत्सर्ग नाही.

आता नाजूकपणा. लहर आली की चार किलोमीटरच्या भुजेची लांबी प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी बदलते. तेवढं टिपायचं तर जमिनीची रोजची थरथर आधी गाळावी लागते. ४० किलोचे आरसे काचेच्या बारीक तंतूंना, चार टप्प्यांच्या लंबकांवर टांगलेले असतात, शिवाय त्याखाली कंपनं मारणारी वेगळी यंत्रणा. समुद्र लांब, मोठं शहर लांब, मोठे कारखाने लांब, म्हणून ही जागा बरी. मोठा भूकंप जगात कुठेही झाला तरी अमेरिकेतल्या लायगोंचंही काम काही वेळ थांबतं. यंत्र मोडत नाही, लेझरचा जम सुटतो, तो पुन्हा बसवायचा. जवळच्या ४.५ च्या धक्क्याने इथंही तेच होईल असं धरून आखणी करायची.

कापूसकोंड्या

औंढ्यात नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरलं अशी आख्यायिका आहे. यांना तर प्रोटॉनएवढंही हललेलं चालत नाही.

रेवा_नांदेड

सर, तुमच्या लेखात एक राहिलं. लायगो महास्फोट का नाही ऐकू शकत? गुरुत्वीय लहरी तर त्या वेळीही निघाल्या असतील ना? आणि विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं, तर दिसणाऱ्या विश्वाची त्रिज्या ४६०० कोटी प्रकाशवर्षं कशी? प्रकाशापेक्षा वेगाने तर काहीच जात नाही.

कयाधूकाठचा

निघाल्या असाव्यात. पण प्रसरणाने त्या इतक्या ताणल्या आणि क्षीण झाल्यात, की लायगो ज्या पट्ट्यात ऐकते (सेकंदाला दहावीस ते काही हजार कंपनं) तिथे त्या तिच्या कुवतीच्या फार खाली असाव्यात. त्यांचा माग त्या आदिम प्रारणाच्या ध्रुवीकरणात काढतात. २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या एका प्रयोगाने सापडल्याचं जाहीर केलं, नंतर कळलं की तो बराचसा आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचा परिणाम होता. लायगोला ऐकू येतात त्या कृष्णविवरांच्या, न्यूट्रॉन ताऱ्यांच्या धडका. २०१७ ची ती धडक तेरा कोटी वर्षांपूर्वीची, म्हणजे आपल्या पायाखालचा काळा पाषाण ज्या लाव्हातून झाला त्याच्या दुप्पट जुनी. जुनी खरी, पण विश्वाच्या हिशेबात कालपरवाची.

४६०० चं असं : प्रकाश निघाला तेव्हा ती जागा जवळ होती, तो वाटेत असताना मधलं अंतर वाढत राहिलं. आज ती जागा ४६०० कोटींवर आहे. वेगाची मर्यादा अवकाशातून जाणाऱ्या वस्तूला असते. अवकाशच ताणलं जात असेल तर पुरेशा लांबच्या दोन दीर्घिका एकमेकींपासून प्रकाशाहून जास्त वेगाने दूर जाऊ शकतात, नियम न मोडता.

गोदातीर

कॅल्क्युलेटर घेऊन बसले. मेगापार्सेक म्हणजे ३.०८६ गुणिले १० चा १९ वा घात, इतके किलोमीटर. त्याला ७० ने भागलं, आलेल्या सेकंदांची वर्षं केली. १३९७ कोटी. ६७.४ घेतलं तर १४५१, ७३ घेतलं तर १३३९. मग प्लँकवाले ६७.४ म्हणूनही वय १३८० कसं सांगतात? १४५१ पाहिजे.

खडूफळा

वा! नुसतं उलटं केलं की वेग कायम सारखा होता असं आपण गृहीत धरतो. तो तसा नव्हता. आधी द्रव्याच्या गुरुत्वाने प्रसरण मंदावत होतं. गेली पाचेकशे कोटी वर्षं ते वेग घेतंय. हे १९९८ मध्ये अतिनवताऱ्यांवरून कळलं, २०११ चं नोबेल त्याला मिळालं. कारणाला कृष्णऊर्जा म्हणतात. विश्वाचा ६८ टक्क्यांच्या आसपास भाग तिचा, २७ कृष्णद्रव्याचा (न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाने जाणवणाऱ्या द्रव्याचा), आणि तारे, दीर्घिका, तुम्हीआम्ही मिळून ५. हा सगळा हिशेब घातला की १४५१ चे १३८० होतात. त्यातही दीर्घिकांचा नकाशा काढणाऱ्या डेसी प्रकल्पाच्या २०२४ आणि २०२५ च्या निकालांनी कृष्णऊर्जा काळानुसार कमी होत असावी असा इशारा दिलाय, अजून पक्कं नाही.

गोदातीर

मग ७३ ला तोच हिशेब लावला तर?

खडूफळा

पावणेतेराशे कोटींच्या आसपास येतं. आणि आकाशगंगेतले सर्वांत जुने गोलाकार तारकागुच्छ १२५० ते १३०० कोटी वर्षांचे मानतात. म्हणजे ७३ खरं निघालं आणि कृष्णऊर्जेचं गणित आहे तेच राहिलं, तर या ताऱ्यांना मोकळीक उरत नाही. गुच्छांची वयं कशी काढतात ते कयाधूसरांनी पुढच्या धाग्यात घ्यावं.

कयाधूकाठचा

घेतो. सेमिस्टरचे पेपर तपासून झाले की.